कालचा आकडा किती होता?

लेट्यूसच्या माझ्या पहिल्या बारा रोपांपैकी नऊ रोपं जास्त खाऊ घातल्यामुळे मेली. आज हे एका वाक्यात लिहिता येतं, तेव्हा कळायला तीन आठवडे लागले. वीस लिटरची काळी टाकी, झाकणाला बारा भोकं, प्रत्येक भोकात एक जाळीदार कुंडी, पाण्यात बुडबुडे सोडणारा छोटा एअर पंप आणि वर पांढरा दिवा, एवढाच पसारा. मातीचा कण नाही. रोपं चार पानांवर आली आणि पानांच्या कडा आधी पिवळट, मग तपकिरी, मग कागदासारख्या कोरड्या व्हायला लागल्या. कुंडीतल्या झाडाला असं झालं की आपण म्हणतो, पाणी कमी पडलं असेल, नाहीतर खत. इथे मुळं पाण्यातच लोंबत होती, तेव्हा पाण्याचा प्रश्नच नव्हता. राहिलं खत. मी द्रवखताच्या 'अ' आणि 'ब' अशा दोन बाटल्यांतलं आणखी थोडं घातलं. दोन दिवसांनी कडा आणखी करपल्या. मी पुन्हा घातलं.

पाण्यात बुडालेलं मूळही तहानेलं राहू शकतं, हे मला माहीत नव्हतं. मुळाच्या पेशींमध्ये क्षार जास्त असतात, बाहेरच्या पाण्यात त्याहून कमी असतात, म्हणून पाणी आत ओढलं जातं. बाहेरचं द्रावण खारट होत गेलं की ही ओढ मंदावते. फारच खारट झालं तर पाणी उलट मुळातून बाहेर पडू लागतं. मीठ चोळलेल्या भाजीच्या फोडीला पाणी सुटतं, त्यातलाच हा प्रकार. पानाची कडा म्हणजे पाणी पोहोचण्याचं शेवटचं ठिकाण, त्यामुळे टंचाई पहिल्यांदा तिथे दिसते. ती करपलेली कडा तहान सांगत होती आणि मी तिला क्षार पाजत होते.

शेवटी ओळखीतल्या एका काकांना फोन केला. ते कित्येक वर्षं पॉलिहाउसमध्ये मातीविना टोमॅटो घेतात. मी सगळं सविस्तर सांगितलं. पानं कशी दिसतात, दिवा किती तास, बाटलीवरचं प्रमाण काय. ते मध्ये बोलले नाहीत. माझं सांगून झाल्यावर म्हणाले, "ईसी किती आहे?" ईसी म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळलेत याचा मीटरवरचा आकडा.

"दोन पूर्णांक चार."

"आणि काल किती होता?"

मला सांगता आलं नाही.

"बरं, पाणी किती खाली गेलंय कालपासून?"

तेही सांगता आलं नाही.

"मग असं कर. अर्धं पाणी काढून टाक, साधं पाणी भर, आणि एक वही घाल. चार दिवसांनी फोन कर. एका आकड्यावरून मला काही सांगता येत नाही गं. दोन तरी हवेत."

अर्धी टाकी उपसली, साधं पाणी भरलं, वही घातली. तीन रोपं वाचली. वहीच्या पहिल्या पानावर आजही त्यांच्यासाठी तीन टिंबं आहेत, हिरव्या पेनाने काढलेली.

या छंदात नवं पडणाऱ्या प्रत्येकाला पहिला शब्द भेटतो तो ईसी, म्हणजे विद्युतवाहकता. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. त्यात खत विरघळलं की क्षारांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे होतात आणि वीज वाहू लागते. जितके आयन जास्त तितकी वाहकता जास्त. ती मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये मोजतात. लेट्यूसला साधारण ०.८ ते १.२ पुरते. बेसिल १.० ते १.६ मध्ये खूश असते. फळावर आलेल्या टोमॅटोला २ च्या पुढेच द्यावं लागतं, साडेतीनपर्यंत तो आनंदाने घेतो. नुकत्या रुजलेल्या रोपाला याच्या निम्मंही जड जातं. बी तर आपली शिदोरी बरोबर घेऊन येतं, त्यामुळे पहिली खरी पानं उघडेपर्यंत त्याला साध्या पाण्यापलीकडे काही लागत नाही. हे आकडे कुठेही मिळतात. मलाही मिळाले होते. तरी मी २.४ वर पोहोचले, कारण मीटर काय मोजतो हे मी समजून घेतलं नव्हतं.

माझ्या तक्त्यात आकडे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे होते, लेट्यूससाठी ८४० पर्यंत. मीटरही पीपीएम दाखवत होता. मी ८४० येईस्तोवर खत घातलं. आता, मीटर पीपीएम मोजतच नाही. तो वाहकता मोजतो आणि एका ठरावीक गुणकाने गुणून पीपीएम दाखवतो. काही मीटर ५०० ने गुणतात, काही ७०० ने. १.२ ईसीचं तेच पाणी एका मीटरवर ६०० दिसतं आणि दुसऱ्यावर ८४०. माझा तक्ता सातशेवाला, मीटर पाचशेवाला. त्यामुळे ८४० येईपर्यंत माझी खरी ईसी १.७ च्या जवळ गेली होती. पुढचं सगळं मी घाबरून घातलं. हे मी मुद्दाम तपशिलात लिहितेय, कारण नव्या माणसाची पहिली खेप इथेच सर्वांत जास्त वेळा वाया जाते असं माझं पक्कं मत झालंय. पीपीएम सोडून द्या. ईसी वाचा, ईसी लिहा, ईसीतच बोला.

मीटरला आणखी एक मर्यादा आहे. तो आयनांची गर्दी मोजतो, त्यांची नावं त्याला माहीत नसतात. साधं मीठ टाकलं तरी ईसी वाढते. उलट युरिया विरघळताना आयनांमध्ये फुटत नाही, त्यामुळे तो घातला तर मीटर जवळजवळ हलत नाही आणि टाकीत मात्र नत्र साचतं. नळाचं पाणीही शून्यापासून सुरू होत नाही. माझ्या नळाच्या पाण्याची ईसी खत घालण्याआधीच ०.४ निघाली. त्यात बहुतेक कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट. या शेवटच्याने पुढे मला बरंच रडवलं.

वहीकडे परत येते. काकांच्या सांगण्याप्रमाणे मी रोज संध्याकाळी दिवा बंद होण्याआधी चार गोष्टी लिहायला लागले: ईसी, सामू (पाण्याची आम्लता सांगणारा पीएच), पाण्याचं तापमान, आणि टाकीच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवरून लिटर. पहिले तीन दिवस ती नुसती आकडेमोड वाटली. चौथ्या दिवशी वही पहिल्यांदा बोलली.

आदल्या संध्याकाळी टाकीत २० लिटर होते, ईसी १.२. त्या दिवशी १८ लिटर आणि ईसी १.३. माझी पहिली प्रतिक्रिया अशी, की ईसी वाढली म्हणजे रोपं खात नाहीत. पण गुणाकार करून पाहिला. काल २० गुणिले १.२ म्हणजे २४. आज १८ गुणिले १.३ म्हणजे २३.४. रोपांनी दोन लिटर पाणी प्यायलं आणि त्याबरोबर ०.६ एवढंच खाल्लं. म्हणजे त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी जे मिश्रण निवडलं त्याची ईसी ०.३ होती. मी १.२ चं ताट वाढलं होतं, त्यांनी त्यातलं बहुतेक पाणीच उचललं. तो दिवस कडक उन्हाचा होता, खोली तापलेली, हवा कोरडी. पानांतून पाणी भराभर उडत होतं आणि मुळं तेवढंच ओढत होती. अशा दिवशी टाकीत खताचं पाणी भरणं म्हणजे माझी पहिलीच चूक पुन्हा करणं. मी दोन लिटर साधं पाणी घातलं.

दोन आठवड्यांनी याच्या बरोबर उलट झालं. आभाळ आलेलं, हवा गार आणि दमट. २० लिटरचे १९ झाले, पण ईसी १.२ ची १.१ झाली. २४ चे २०.९. लिटरभर पाण्याबरोबर रोपांनी तीनाहून जास्त खाल्लं होतं. रोपं आता वीतभर झाली होती, पानांचा घेर वाढवत होती आणि भुकेली होती. त्या दिवशी साधं पाणी घातलं असतं तर ती उपाशी राहिली असती. गणित ढोबळच आहे, वाहकता काही अगदी सरळ रेषेत वाढत नाही. पण दिशा कधी चुकली नाही.

पाणी उतरलं आणि ईसी चढली, तर रोप तहानेलं आहे, द्रावण पातळ करा. पाणी उतरलं आणि ईसीही उतरली, तर ते भुकेलं आहे, किंचित घट्ट करा. पाणी उतरलं आणि ईसी जागच्या जागी राहिली, तर जसं आहे तसंच भरत राहा. तक्त्यातला आकडा फक्त पहिल्या दिवसापुरता. दुसऱ्या दिवसापासून आपलं रोप, आपल्या खोलीत, आपल्या दिव्याखाली, स्वतःचा तक्ता लिहायला लागतं. मला हे इतकं मोलाचं वाटतं की कुणी पहिला मीटर घेतला असं कळलं की मी आधी वहीबद्दल विचारते.

अशी वही ठेवणारे पहिले लोक कोण, हे शोधताना मला जॉन वुडवर्ड भेटला. या इंग्रज माणसाचा पुदिन्यावरचा प्रयोग १६९९ साली प्रसिद्ध झाला. त्याने स्पिअरमिंटच्या काड्या काचेच्या बाटल्यांत वाढवल्या. कुठे पावसाचं पाणी, कुठे झऱ्याचं, कुठे थेम्स नदीचं, तर कुठे बागेची माती घोळवलेलं. मातीच्या पाण्यात वाढ सर्वांत जास्त झाली, पावसाच्या पाण्यात कमी. झाड नुसत्या पाण्यावर वाढतं असं मानण्याचा तो काळ, आणि त्याने दाखवलं की पाण्यातलं काहीतरी झाडाला लागतं. पण मला भावलं ते वेगळंच. त्याने रोपाचं सुरुवातीचं आणि शेवटचं वजन लिहिलं, आणि शेजारी प्रत्येक रोपाने किती पाणी खर्च केलं तेही लिहिलं. त्याच्याकडे मीटर नव्हता, नत्र हा शब्द नव्हता, मुळात काय मोजायचंय हेही पूर्ण माहीत नव्हतं. तरी पाणी किती उतरलं ते त्याने टिपलं. वही उघडताना मला तो बऱ्याचदा आठवतो.

ते 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, हे ठरायला पुढची दोन शतकं गेली. जर्मनीत युलिउस फॉन साक्सने १८६० च्या सुमारास विरघळवलेल्या क्षारांवर रोपं वाढवून दाखवली. १९३८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी एक पत्रक काढलं, त्यातलं द्रावण आजही प्रयोगशाळांत वापरतात. त्यात नत्र २१० पीपीएम, पालाश २३५, कॅल्शियम २००, गंधक ६४, मॅग्नेशियम ४८, स्फुरद ३१. आणि शेवटी मॉलिब्डेनम, ०.०१. माझ्या वीस लिटरच्या टाकीत हे मॉलिब्डेनम फक्त ०.२ मिलिग्रॅम भरतं, डोळ्याला दिसणारही नाही. पण ते नसेल तर रोपाला नायट्रेट वापरता येत नाही, मग २१० पीपीएम नत्र समोर असूनही ते नत्रावाचून पिवळं पडतं. मी हे वाचलं त्या रात्री बराच वेळ टाकीकडे बघत बसले होते. आणखी एक गोष्ट त्यांनी मोकळेपणाने सांगितली होती: चांगल्या मातीत येतं त्यापेक्षा पाण्यात जास्त पीक येतं असं काही नाही. मातीशिवाय वाढवायच्या वेडाची त्या काळी फार चर्चा होती, तेव्हा हे म्हणणं मला धीराचं वाटतं.

'अ' आणि 'ब' अशा दोन बाटल्या का, हे मला एकदाच शिकावं लागलं. वेळ वाचावा म्हणून मी दोन्ही बाटल्यांतलं एका पेल्यात ओतलं आणि त्यात पाणी घालायला गेले. पेल्यात दुधासारखं पांढरं ढवळून आलं आणि तळाला साका बसला. 'अ' मधलं कॅल्शियम 'ब' मधल्या सल्फेट आणि फॉस्फेटला भेटलं की न विरघळणारे क्षार तयार होतात. जिप्सम त्यातलंच. टाकीच्या भरपूर पाण्यात ते सुखाने एकत्र नांदतात, घट्ट स्वरूपात मात्र नाही. म्हणून आधी पाणी, मग 'अ', नीट ढवळणं, मग 'ब'. साका एकदा बसला की तो पुन्हा विरघळत नाही आणि रोपाच्या काही कामाचा राहत नाही. ते द्रावण फेकलं.

सामूचं प्रकरण मात्र लांबलं. मातीविना वाढवताना सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान ठेवायचा असतो. हा दहाच्या पटीत चालणारा आकडा आहे. ७ वरून ६ वर येणं म्हणजे आम्लता दहापट होणं. माझा सामू रोज चढायचा. संध्याकाळी मी फॉस्फरिक आम्लाचे थेंब घालून ५.८ वर आणावा आणि सकाळी तो ६.६ दिसावा. पुन्हा थेंब, पुन्हा चढ. एका आठवड्यात मी इतकं आम्ल ओतलं की स्फुरद किती वाढलं असेल याचीच काळजी वाटू लागली. एकदा हात जड झाला आणि सामू ४.७ वर गेला, मग तो वर आणायला दुसऱ्या बाटलीतला अल्कली घातला. रोपांची मुळं त्या दिवसात मलूल झाली होती. रोज दोनदा हवामान बदलणाऱ्या घरात कोण तग धरणार?

दोन कारणं होती आणि दोन्ही एकाच दिशेने ओढत होती. एक म्हणजे नळाच्या पाण्यातला बायकार्बोनेट. तो आम्ल गिळतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, एअर पंप तो रात्रभर बाहेर हाकलतो आणि सकाळी सामू चढलेला असतो. दुसरं कारण रोपं स्वतः. मूळ नायट्रेट आत घेतं तेव्हा त्याबरोबर हायड्रोजन आयनही ओढून घेतं, त्यामुळे बाहेरच्या पाण्याचा सामू वाढतो. अमोनियम घेतलं की याच्या उलट होतं, मूळ हायड्रोजन आयन बाहेर सोडतं आणि सामू घसरतो. माझ्या खतात बहुतेक नत्र नायट्रेटच्या रूपात होतं. म्हणजे सामूचा तो चढ रोगाचा नव्हता. रोपं जेवत होती, त्याची ती खूण होती.

हे समजल्यावर मी दोन बदल केले. टाकीत ओतायचं पाणी आदल्या दिवशी वेगळ्या बादलीत घेऊन, त्यात आम्ल घालून, रात्रभर हवा सोडून, सकाळी सामू पुन्हा बघून मगच वापरायला लागले. आणि टाकीतला सामू ५.६ पासून ६.३ पर्यंत हळूहळू फिरू द्यायला शिकले. त्या टप्प्यात तो कुठेही असला तरी हात लावायचा नाही. तसंही काही अन्नद्रव्यं खालच्या सामूला सहज मिळतात, काही वरच्या. रोज एकाच आकड्यावर खिळवून ठेवण्यापेक्षा ही संथ फेरी रोपांना मानवली. (आम्ल नेहमी पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्माही हवा. हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.)

मीटरबद्दलही एक गोष्ट त्याच आठवड्यात कळली. सामू मोजणाऱ्या मीटरचा काचेचा फुगा कोरडा पडू द्यायचा नसतो, आणि त्याला ४.०१ व ७.०० च्या प्रमाणित द्रावणात बुडवून अधूनमधून जुळवावं लागतं. माझा तब्बल अर्ध्याने चुकत होता. म्हणजे मी ज्याला ६.५ समजत होते तो खरा ७ होता. त्या काळात नव्या पानांवर दिसू लागलेल्या पिवळेपणाचा उलगडा तिथे झाला. शिरा हिरव्या, मधली जागा फिकट पिवळी, आणि तेही फक्त शेंड्याच्या कोवळ्या पानांवर. ही लोहाच्या कमतरतेची खूण. टाकीत लोह होतं, पण सामू चढल्यावर ते रोपाला घेता येण्यासारखं उरलं नव्हतं. लोह द्रावणात टिकावं म्हणून ते चिलेट करून, म्हणजे एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत धरून देतात. ईडीटीए या रेणूची पकड साधारण साडेसहा सामूच्या पुढे सैल पडते, डीटीपीएची त्याच्याही वर टिकते, ईडीडीएचए तर बऱ्याच अल्कधर्मी पाण्यातही सोडत नाही. माझ्या खतात ईडीटीए होतं. लोह वाढवायची गरज नव्हती. मीटर जुळवला, सामू खाली आणला, आणि आठवड्याभरात नवी पानं हिरवी निघाली. आधीची पिवळी पानं पिवळीच राहिली.

कोणतं पान पिवळं पडतंय, जुनं की नवं, हे बघायची सवय तेव्हापासून लागली. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम रोपाच्या आत हलवता येतात. टंचाई आली की रोप जुन्या पानांतून ते काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं आधी खंगतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा जिथे बसले तिथून सहसा हलत नाहीत, म्हणून त्यांची टंचाई शेंड्यावर दिसते. म्हाताऱ्या पानांनी कोवळ्या पानांसाठी रिकामं होणं मी अनेकदा पाहिलंय, आणि दर वेळी हात आपोआप बाटलीकडे जातो. मग आधी वही बघते.

पण या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते कॅल्शियमने. तिसऱ्या खेपेला सगळं जुळून आलं होतं. ईसी १.१, सामू सहाच्या आसपास, पांढरीशुभ्र मुळं, हाताच्या ओंजळीएवढे गड्डे. काढणीला आठवडा राहिला असताना गड्ड्याच्या अगदी आतल्या, कोवळ्या पानांची टोकं काळी पडली. टोक जळणं. हे कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण आहे, त्यामुळे मी थेट कॅल्शियम नायट्रेट आणलं. घालण्याआधी सवयीने वही उघडली. टाकीत कॅल्शियम भरपूर होतं, नळाच्या पाण्यातलं वेगळंच. मग आतल्या पानांना ते का मिळत नव्हतं?

कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच चढतं, आणि पाणी चढतं ते पानांतून वाफ होऊन उडतं म्हणून. बाहेरची मोठी पानं वाऱ्यावर असतात, त्यांच्यातून पाणी उडत राहतं, म्हणून कॅल्शियमही तिकडेच जातं. आतली पानं एकमेकांच्या मिठीत, दमट हवेत बंद असतात. तिथून वाफ उडत नाही, त्यामुळे तिथे पाणीही येत नाही आणि कॅल्शियमही येत नाही. त्यात मी दिवा जास्त तास ठेवून वाढ पळवत होते. पानं तयार होत होती, पण त्यांच्या पेशींच्या भिंती बांधायला सामान पोहोचत नव्हतं. टाकीत आणखी कॅल्शियम ओतून यातलं काहीच बदललं नसतं, उलट ईसी वाढून पाणी वर चढणं आणखी अवघड झालं असतं. टोमॅटोच्या फळाचा खालचा भाग काळा पडतो, त्यातही बहुतेक वेळा हीच अडचण असते.

मी एक छोटा पंखा आणला आणि त्याची हवा थेट गड्ड्यांच्या मध्यावर पडेल असा लावला. दिव्याचे दोन तास कमी केले. ईसी १.१ वरून ०.९ वर आणली. रात्री दिवा बंद असताना वाफ उडणं जवळजवळ थांबतं, तेव्हा मुळं आपल्या दाबाने पाणी वर ढकलतात, आणि ते आतल्या पानांपर्यंतही पोहोचतं. पहाटे पानांच्या कडांवर जे मणी दिसतात ते याच पाण्याचे. द्रावण पातळ असेल तर हा दाब चांगला तयार होतो. काळी पडलेली टोकं तशीच राहिली, पण त्यानंतर उघडलेली पानं स्वच्छ होती. अन्नद्रव्याची कमतरता मी खत कमी करून आणि पंखा लावून दूर केली होती. काकांना सांगितलं तर ते फक्त "हं" म्हणाले, आणि माझ्या पहाटेच्या पाण्याच्या तापमानाची चौकशी केली.

तापमानाबद्दल थोडंच. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. गरम पाण्यात मुळांना प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तिथे तो कमी असतो. मुळं गुदमरली की खत असून उपयोग नाही, कारण अन्नद्रव्यं आत ओढायला ऊर्जा लागते आणि ती श्वासातून येते. त्यात पिथियमसारखी बुरशीसदृश कूज मुळांवर चढते, मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होतात. उन्हाळ्यात मी टाकीला बाहेरून पांढरं गुंडाळते, आतून ती काळीच, म्हणजे प्रकाश शिरून शेवाळ धरत नाही.

आणि इतकं सगळं नीट मोजूनही टाकी दर दोन आठवड्यांनी पूर्ण रिकामी करावी लागते. रोपं नायट्रेट आणि पालाश भराभर उचलतात. सल्फेट, कॅल्शियम मागे उरतात, आणि खारट नळाच्या पाण्यातलं सोडियम तर साचतच जातं. ईसी १.१ दिसते, पण पहिल्या दिवशीचा १.१ आणि पंधराव्या दिवशीचा १.१ यांत वेगळं जेवण असतं. जुनं पाणी मी मातीतल्या कुंड्यांना पातळ करून घालते. टाकी पुसते, पट्टी धुते, ताजं द्रावण भरते, आणि वहीत नवी रेघ ओढून त्याखाली पुन्हा २० लिटर लिहिते.

सध्या सातवी खेप चालू आहे. आज संध्याकाळी १८.५ लिटर, ईसी १.०, सामू ६.१, पाणी २३ अंश. काल १९.२ लिटर आणि ईसी १.०५ होती. गुणाकार केला. रोपं भुकेली आहेत. दीड लिटर भरायचंय, आणि या वेळी त्यात 'अ' आणि 'ब' दोन्ही जातील, आधी 'अ'.